एक थाप म्हणजे थांब

आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, मसणवाट नाही, मध्यरात्र नाही.

रविवार होता. ४ फेब्रुवारी २०१८. ऊन डोक्यावर आलेलं. जागा तेल्हाऱ्याच्या अलीकडची, रस्त्याला लागून असलेलं एक वावर. ज्यांनी हे पाहिलं ती पाच माणसं आजही आहेत आणि पाचही जण एकच सांगतात.

माया माझी मावसबहीण. अकोल्यात एका खासगी दवाखान्यात नर्स. आमच्या घराण्यात छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर अंगारा, उतारा, भगत असलं काही शिरलंच नाही. माया तर रात्रपाळीत मेलेल्या माणसाचे डोळे मिटवून, हात धुऊन, शांतपणे चहा पिणारी बाई. म्हणून तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी मधे एकदाही हसलो नाही.

उज्मा तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. बाळापूरची. लग्नात बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाईच हवी असते, त्यामुळे उज्माचं काम चांगलं चालायचं. त्या वर्षी ती पाण्याखाली फोटो काढायचं शिकून आली होती. कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटीही आणली होती. आता तिला पाण्यात उतरणारं माणूस हवं होतं.

"मले पोहता येत नाही," माया म्हणाली.

"तेच तर पायजे. पोहणारी बाई पाण्यात हातपाय मारते. तुले फक्त बसाचं आहे. शिकवाले माणूस आहे सोबत."

माया तेव्हा एकतीसची. स्थळांना पाठवायचे तिचे फोटो स्टुडिओवाला दर वेळी न सांगता गोरे करून द्यायचा. तो फोटो पाहून आलेली माणसं दारातच एकमेकांकडे बघायची. तिला स्वतःचा एक तरी खरा फोटो हवा होता.

ती हो म्हणाली.

जागा उज्मानंच शोधली. महादेवराव नावाच्या बागाईतदाराचं शेततळं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो उज्मानंच काढले होते. तळ्याला तळापासून काठापर्यंत काळी पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकचा जाड कागद, अंथरलेली. पाणी विहिरीतून चढवलेलं, नितळ. दहा फुटांवरचा तळ दिसत होता.

"स्टुडिओचा काळा पडदा आयताच भेटला," उज्मा म्हणाली.

मायाला मात्र आल्याआल्या दुसरंच दिसलं.

तळ्यात चारही बाजूंनी दोऱ्या सोडलेल्या होत्या. जाड, गाठी मारलेल्या. दर दोन हातांवर एक. एका तळ्याला एवढ्या दोऱ्या…

देवमनकाका त्या पाहून खूश झाले. अकोल्यात तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवणारा माणूस. उज्मानं त्यांनाच सोबत आणलं होतं.

"लोकं एक दोरी बी टाकत नाहीत," ते म्हणाले. "ओली पन्नी शेवाळापेक्षा वाईट. पट्टीचा पोहणारा पडला तरी वर चढू शकत नाही. बोटं रोवाले जागाच नसते."

महादेवराव वळले. लिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, चहा आणून दिला आणि त्याही तिथंच बसल्या.

तळ्याकडे पाठ करून.

देवमनकाकांनी काठावरच धडा दिला. मायाला खाली बसवून सांगितलं, "श्वास भरून खाली जाता येत नाही, बाई. श्वास सोडत जायचं, तसं अंग खाली जातं. घाबरली तर मान वर नको करू, दोरी धर. मी तुझ्या पाठीमागं राहीन, फोटोत दिसणार नाही असा. पाण्यात बोलणं नाही. पाठीवर एक थाप म्हणजे थांब, चांगलं चाललंय. दोन थापा म्हणजे वर ये."

दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून. एक थाप, थांब. दोन थापा, वर.

पहिल्या वेळी माया नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मात्र तिनं श्वास सोडला, आणि खाली जात राहिली.

आवाज बंद झाला. विहिरीवरचं इंजिन, पाखरं, उज्माची बडबड… सगळंच.

उज्मानं तिच्यासाठी पिवळ्या तलम कापडाचा घेर शिवून घेतला होता. तो सावकाश वर तरंगला. केस सुटून चारही बाजूंना पसरले. वरून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या. मायाला वाटलं, आपलं वजनच गेलंय. इतकी वर्षं आपण काय काय उचलून चालत होतो कोण जाणे.

पाठीवर एक थाप पडली. ती थांबली.

मग दोन. ती वर आली आणि हसली. उज्मानं कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. सावळी, डोळे उघडे, शांत. माया बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"अजून काढ," ती म्हणाली.

पाचव्या वेळी तिला तो आवाज आला.

खर्र…

पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. मागून आला असं वाटलं. रेक्झीनवर नख ओढावं तसा.

खर्र… खर्र…

थोडा वेळ काहीच नाही. मग परत, तसाच. आधी वर चढणारा, मग घसरत खाली येणारा.

देवमनकाकांचे पाय असतील. वर आल्यावर तिनं विचारलं, "काका, पाय घासून राहिले का?"

"मी तर तुझ्या मागं तरंगून होतो. पाय टेकलेच नाहीत."

मायानं मनावर घेतलं नाही. उज्मा म्हणाली, आता शेवटचा, उजेड सरकायच्या आत. माया खाली गेली. श्वास सोडला. डोळे मिटून बसली.

थाप पडली. एक.

ती थांबली.

दम संपत आला. आता दोन पडतील… पडली ती एकच.

ती थांबली. देवमनकाकांना तीस वर्षांचा अनुभव. त्यांना कळत असेलच.

परत एक.

कानात ठोके वाजायला लागले. तिनं डोळे उघडले.

समोर उज्मा होती. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातानं पायाकडे खुणा करत होती. तिच्या पायात दोरी अडकली होती. आणि ती दोरी सोडवायला तिच्या पायाशी वाकलेले…

देवमनकाका.

दोघंही मायाच्या समोर होते.

पाठीवर थाप पडली. एक.

आणि मग तिच्या खांद्यावर हात आला. लहान, बाईचा हात. पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी होते तशी लिबलिबीत. हातानं खांदा घट्ट धरला. मग कमरेवर पाय. खांद्यावर गुडघा.

कुणीतरी तिच्या अंगावरून वर चढत होतं.

शेवटी डोक्यावर पाऊल आलं. पूर्ण वजन टाकून ते उभं राहिलं. माया खाली दाबली गेली. तोंडात पाणी शिरलं. दोरी हाताशीच होती, पण हात वर होईना.

मग वजन गेलं. वरच्या बाजूला.

देवमनकाकांनी तिला ओढून काठावर आणलं. पालथं करून पाणी काढलं. ती बोलायला लागली तेव्हा उज्मा रडत होती. "मले वाटलं तू मुद्दाम थांबली," एवढंच ती म्हणत होती.

देवमनकाका मात्र दुसरीकडेच बघत होते. समोरच्या काठाकडे. तिकडून ना कुणी उतरलं होतं ना कुणी चढलं होतं.

पन्नीचा पाण्याबाहेरचा उतार उन्हानं तापलेला, धुळीनं पांढरा झालेला. त्यावर ओली पावलं होती.

सात. बाईची. टाचा उमटलेल्या नव्हत्या, फक्त चवडे, चढताना उमटतात तसे. काठावर आल्यावर पूर्ण पाऊल उमटलं होतं. तिथून तळ्याभोवतीच्या जाळीच्या फाटकापर्यंत, फाटकातून बाहेर, पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. पाचही जणांच्या डोळ्यांदेखत ती एकेक वाळत गेली.

मैनाबाई पहिल्यांदा तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"निघाली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. महादेवराव मान खाली घालून ऐकत राहिले.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. सलग दुसऱ्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. बोअर आटले, हापशीतून हवा यायची. तळं नवंच होतं, विहिरीचं उरलंसुरलं पाणी त्यात साठवलेलं. तेव्हा जाळी नव्हती. दोरीही नव्हती. कापूस वेचायला आलेली शालू नावाची बाई कॅन घेऊन पाण्याला उतरली. संध्याकाळी सापडली.

"पन्नीवर नखाच्या रेघा होत्या," मैनाबाई म्हणाल्या. "इथून तिथपावतर. किती येळा चढली असन ते तिलेच माहीत."

"बुजवून टाकाचं मनलं होतं म्या," महादेवराव म्हणाले. "पन बाग जगवाले दुसरं पानी नाही. मंग दोऱ्या टाकल्या."

"आन दोऱ्या रोज सकाळी ओल्या राह्यतात, बाई. पान्याच्या वर, कोरड्या जागी. पन वरून दीड हात कोरड्या. रोज तितक्याच." मैनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तिले वरचा दीड हात जमतच नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मायाला फोन आला. सगळ्या दोऱ्या कोरड्या होत्या.

उज्मानं शेवटचा फोटो आठवडाभर कुणालाच दाखवला नाही. मग मायाला दाखवला. मीही पाहिलाय. त्यात माया सोडून कुणीही नाही. पिवळा घेर वर तरंगतोय. बाजूचे केस चहूकडे पसरलेत.

पण डोक्यावरचे केस… तेवढेच चपटे आहेत. दाबलेले. एका पावलाएवढी जागा.

इथं थांबायला हवं होतं. माया थांबली नाही.

शालूची सासू चतुराबाई पूर्वेकडच्या गावात राहते असं मैनाबाईंनी सांगितलं होतं. माया मला म्हणाली, "तिच्या माणसांना कळायला पाहिजे. दोन वर्षं ती आत होती. आता सुटली, हे कुणीतरी सांगायला पाहिजे." नर्सला मरणाच्या बातम्या रोज द्याव्या लागतात. ही बातमी तिला चांगली वाटली.

मधल्या रविवारी गारपीट झाली. त्याच्या पुढच्या रविवारी, १८ तारखेला, ती गेली. वाटेत हरभरा झोपलेला. बोंडअळीनं खाल्लेली कापसाची पऱ्हाटी लोकांनी उपटून धुऱ्यावर, बांधावर टाकलेली.

चतुराबाईचं घर म्हणजे रस्त्याकाठची एक टिनाची खोली. म्हातारी एकटीच. मुलगा कामाला सुरतेकडे गेलेला. तिनं मायाला बसायला पोतं टाकलं. मायानं सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

चतुराबाईनं पदर सावरला.

मग तिनं विचारलं, "पाय कोन्या दिशेले होते?"

"इकडंच, मावशी. गाडीवाटेनं."

"किती दिस झाले?"

"पंधरा."

म्हातारीनं कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाहिलं.

"पंधरा दिसापासून रांजन सकाळी कोरडा राह्यते," ती म्हणाली. "राती भरून ठेवला का सकाळी ठणठणीत. मले वाटलं झिरपते. शेजारनीचा आनला. तो बी कोरडा."

बाहेर कोंबड्या चरत होत्या.

"पानी आनाले म्याच धाडलं होतं तिले. मी बी येचाले गेलती, धुऱ्यावर बसून होती. आवाज येत होता. खरखर, खरखर." चतुराबाई हातांकडे बघत बोलत होती. "मले वाटलं, वाऱ्यानं पन्नी हालून राहिली. म्या पाय लांबे केले आन डोळा लावला. उठली तवा आवाज बंद झाला होता."



म्हातारी उठली. बादली घेऊन हापशीवर गेली. तीन खेपा केल्या. मायाला हात लावू दिला नाही. रांजण काठोकाठ भरला, वर झाकण ठेवलं. मग झाकण काढून बाजूला ठेवलं.

माया निघाली.

"जाताना दार लावून घेजा, बाई."

मायानं दाराला हात घातला.

"नाही… राहू द्या. उघडंच राहू द्या."

माया त्यानंतर तिकडे गेली नाही. पाण्यातही उतरली नाही. तो शांत, सावळा फोटो तिनं कपाटात ठेवलाय, कुठल्याच स्थळाला पाठवला नाही. कधी विषय निघाला की एवढंच म्हणते, "मी चांगली बातमी द्यायला गेले होते रे."

मी मात्र पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या रस्त्यानं गेलो. मोटरसायकल हळू केली. टिनाची खोली रस्त्यावरून दिसत होती. दार सताड उघडं. आत अंधार, माणूस दिसलं नाही.

दारापुढची माती ओली होती.

सडा टाकला असेल, मी स्वतःला म्हटलं.

दुपारचे तीन वाजले होते. मे महिना. मी गाडी थांबवली नाही.