मुठीची आतली बाजू

घोड्यांच्या दाण्याच्या दुकानात तो मला धडकला आणि माझ्या रंगांच्या बाटल्या जमिनीवर घरंगळल्या.

"माफ करा हं, मॅम! एका हातानं पोतं आवरत नाही." डावा हात प्लास्टरमध्ये होता. डोळे मात्र मोकळे... नको तितके.

"मॅम कुणाला म्हणता? मी कोरा."

तो क्लेटन. मी घरी पिस्तुलांच्या मुठी रंगवते हे कळताच दुसऱ्या दिवशी पिस्तूल घेऊन हजर!

"कंबरेला लावल्यावर दिसते त्या बाजूला आमच्या कुरणातली निळी फुलं काढ. अंगाला चिकटते ती बाजू..." त्यानं पिस्तूल माझ्या हातात ठेवलं. "तिथं तुला हवं ते. मीच तर बघणार."

मग रंग वाळला का, हे बघायला तो रोज येऊ लागला. माझा रंग तासाभरात वाळतो, हे त्यालाही ठाऊक होतं. मी भाजलेली पेकन-पाय ही सुक्या मेव्याची मिठाई फस्त करायचा, एका हातानं ब्रश धुऊन द्यायचा — निम्मं पाणी माझ्या अंगावर. मी चिडल्याचं नाटक करायची. खरं तर पुरती बुडाले होते.

तोंडानं सांगायचं धाडस होईना. म्हणून मुठीच्या उजव्या, दिसणाऱ्या बाजूला फुलं काढली आणि अंगाकडच्या डाव्या बाजूला मी... दारात उभी, त्याची टोपी छातीशी धरून.

गावच्या नेमबाजी स्पर्धेच्या दिवशी मैदानावर फडकं सोडून पिस्तूल दिलं. प्लास्टर निघालं होतं. त्यानं ते डाव्या हातानं घेतलं आणि डाव्या कंबरेला अडकवलं.

फुलं अंगाकडे गेली आणि मी बाहेर, सगळ्यांसमोर. क्लेटन डावखुरा होता! इतक्या मुठी रंगवल्या, आणि नेमकं त्यालाच विचारायचं राहिलं.

"अरे, ही तर कोरा!" कुणीतरी शीळ घातली. "टोपी कुणाची गं?"

क्लेटननं वाकून पाहिलं. बराच वेळ. 

"क्लेटन, कोण ही?" त्याचा दंड धरून उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं. तिच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती. तिच्याबद्दल तो माझ्याकडे अवाक्षरही बोलला नव्हता.

"रंगवणारी आहे गं," तो हसला. "सगळ्याच गिऱ्हाइकांना असलं काहीतरी काढून देते."

सगळे हसले. लाज वाटली ती मला, त्याला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. "कोरा... त्या चित्रावरही फुलंच काढशील?"

"मॅम म्हणा," मी म्हटलं आणि पिस्तूल घेतलं.

"वाळायला किती दिवस लागतील?" त्यानं हळूच विचारलं. तेच जुनं हसू.

"तासभर. बाहेर गाडीत थांबा."