खाडीवरच्या पुलाखालची हाक

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उलट हे खरं सांगतानाच मान खाली जाते.

१९८१ चा एप्रिल. कारवारकडं एका खाडीवर हमरस्त्याच्या पुलाचं काम चाललं होतं. मी, आण्णाप्पा, तिथं मुकादम. माणसं सगळी आमच्या बेळगुंदीची.

खाडीतली खारफुटीची झाडं, मासे मरू नयेत म्हणून इंजिनियरसाहेबांनी पाण्यात भराव टाकू दिला नव्हता. खांबापर्यंत जायचं ते होडीनंच. भरतीच्या वेळांचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला होता.

मी तो वाचला नाही. आमची मार्कंडेय नदी उन्हाळ्यात आटली की पावसापर्यंत आटलेली. खाडीचंही तसंच असणार, असं धरून चाललो. शहाणा ना मी.

त्या दुपारी पाणी ओसरलं होतं. माणसं जेवायला गेलेली. मागं काठावर आम्ही दोघंच, मी आणि भरमू. त्याचं फावडं मधल्या खांबापाशी राहिलं होतं.

"होडी येऊस्तवर थांबू?" त्यानं विचारलं.

"चालत जा की रं. पाय मोडलेत व्हय?"

गेला. गाळात गुडघ्यापर्यंत रुतत गेला. तिथनं ओरडला, "आण्णा, पाणी याय लागलंय. माघारी येऊ का?"

"फावडं घिऊनच ये," म्हणालो आणि पाठ फिरवली.

नंतर बघितलं तर...

नुसतं पाणी.

तिसऱ्या दिवशी तो झाडांच्या मुळांत अडकलेला सापडला. गावात मी सांगितलं, नको म्हटलेलं ऐकलं नाही, आपल्या मनानं गेला. थू माझ्या जिण्यावर.

पूल झाला. दोन वर्षांनी भरमूची आई गंगव्वा म्हणाली, "मला जागा तरी दाव." बेळगावहून बसनं गेलो. भर दुपार. पुलावर चिटपाखरू नव्हतं.

वारा पडला.

खाली गाळात कुणीतरी पाय उपसत होतं... चुबुक... चुबुक...

वाकून बघितलं. माणूस नाही. पण पावलं उमटत होती, खांबाकडं जाणारी. परतीचं एकही नाही.

मग हाक आली...

"माघारी येऊ का?"

गंगव्वा माझ्याकडंच बघत होती. खरं सांगायची तीच वेळ होती.

"वारं हाय आक्का," मी म्हणालो.

पुन्हा तीच हाक.

म्हातारी कठड्यावरनं वाकली. "ये रं लेकरा. फावडं ऱ्हाऊ दे तितंच."

सगळं शांत झालं.

ती माझ्याकडं वळली. "तवा एवढंच म्हणायचं हुतं न्हवं रं तुला?"

फावड्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, ते विचारायला माझं तोंड उघडलं नाही. आता तीही नाही.