चाळिसावं झाड

सोनगीरच्या अलीकडे अभिमनआबांची चाळीस लिंबोणींची बाग आहे. काही वर्षांपूर्वी ती शेंड्याकडून वाळायला लागली. लिंबं म्हणाल तर घरच्या लोणच्यालाही पुरेनात. मुलगा प्रेमराज जेसीबी लावून सगळी झाडं उपटायला निघाला, तेव्हा सून सारिका आडवी आली. तिनं वाळक्या फांद्या छाटल्या, कापांना बोर्डो मलम फासलं, आळ्यांत शेणखत भरलं आणि नवऱ्याकडून एका बहराची मुदत मागून घेतली. त्या बागेवर तिचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर आबांचाही.

आबांचा शेणखतावर विश्वास होता, तसाच जुन्या रीतीवरही. ग्रहणात न फळणाऱ्या झाडाला कुऱ्हाड दाखवायची. एकानं पुढून दरडावायचं, दुसऱ्यानं मागे लपून झाडाच्या वतीनं गयावया करायची. ज्याच्यासाठी कुणी बोललं नाही, ते तोडायचं.

दिवाळी सरताच एका संध्याकाळी ग्रहण आलं. "तुम्ही व्हा पुढे आबा, मी मागून उनीच," सारिका म्हणाली.

ऊन मळकट झालं होतं. पाखरं गप्प होती. आबांनी पहिल्या झाडावर कुऱ्हाड उगारली.

"तोडू का?"

बुंध्यामागून हलकंच उत्तर आलं, "नका तोडू... औंदा फळसू."

आबा मिशीत हसले. पोर वेळेवर पोचली म्हणायची! एकेक झाड होत गेलं. प्रत्येकामागून तेच आर्जव, आणि खोल, ओल्या मातीचा वास. विहिरीजवळचं चाळिसावं आलं.

"तोडू का?"

आबांनी कुऱ्हाड आणखी उंच केली. मग, "बठ्ठासले मी वाचाडं... माले कोन वाचाडी?"

सगळ्यांना वाचवून आता स्वतःसाठी रडते, नाटकी कुठली! आबांनी गमतीनं बुंध्यावर हलकासा घाव घातला आणि घरी आले.

सारिका घरातच बसलेली. शेजारी आबांची बायको, भिकुबाईअक्का.

"आबा, मी भायेर उनीच नही," सारिका ओशाळून म्हणाली. "अक्कानी उंबरठा वलांडू दिधा नही."

"कशी धाडू? तिले दुसरा महिना लागना शे," भिकुबाई म्हणाल्या. "गरहनमा पोटुशी बाई भायेर जास का?"

आबांना आनंद झाला, आणि त्याच क्षणी प्रश्नही पडला, मग झाडांमागून बोललं कोण? त्यांनी कुऱ्हाड खुंटीला अडकवली. पण तो घाव मनातून जाईना. सगळ्यांसाठी जे बोललं, त्याच्यासाठी आपण एक शब्द काढला नाही...

ते तसेच परत गेले आणि चाळिसाव्या झाडामागे उभे राहिले. सूर्य ग्रासलेलाच बुडत होता.

पलीकडे पाचोळा वाजला. कुणीतरी येऊन थांबलं.

"तोडू का?"

आवाज आबांचा स्वतःचाच होता.

"नको तोडू..." आबांनी कसंबसं म्हटलं. "हाई बी फळी."

"बरं." पाचोळा वाजत दूर गेला.

घरी खुंटी रिकामी होती.

"कुऱ्हाड कुठे शे?"

"तुम्हीच तं आते घर उनात अन् कुऱ्हाड लई गयात," भिकुबाई म्हणाल्या.

त्या बहराला चाळीसही झाडं लगडली. सारिकाचं बाळही सुखरूप आलं. कुऱ्हाड मात्र सापडली नाही. म्हणून आता ग्रहण लागायच्या आधीच आबा बागेत जाऊन झाडामागे उभे राहतात. विचारणारा न चुकता येतो.