बिनशिंगाचं सांबर

"ठमीच्या बाला धरला! सांबर मारलं म्हणून! कडावच्या नाक्यावर, सगळ्यांसमोर जीपमध्ये घातला!"

साईराज ओरडतच पडवीत शिरला. हातातली दुधाची किटली त्यानं कुठंतरी सांडून आणली होती आणि पायात चप्पल एकच होती. रिया आंब्याची बाठी चोखत बसली होती. ती साजगावहून सुट्टीला मामाकडे आली होती. साईराज तिचा मामेभाऊ, आणि डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली ठमी ही दोघांची जिवाभावाची मैत्रीण.

"पोशाकाकांना? अरे, घरात कोंबडी कापायची म्हटली तरी ते अंगणात जाऊन बसतात!"

"ते मला म्हाईत हाय गं! पण जीपवाल्यांना कोण सांगणार?"

बाठी ताटात पडली आणि दोघं सायकलवर डबलसीट निघाले. ठमी वनखात्याच्या चौकीच्या पायरीवर बसलेली दिसली. ती रडत नव्हती. रिया सायकलवरून उतरून तिला खेटून बसली.

झालं होतं ते असं. वाडीच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट होतं. त्याच्या कुंपणापाशी रोज संध्याकाळी एक मोठं सांबर पाणी प्यायला यायचं. पाहुणे त्याला बघायला गर्दी करायचे. मॅनेजर जितेश यांनी तर फाटकावर त्याच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स लावला होता. पण गेले काही दिवस सांबर फिरकलंच नाही आणि पाहुणे कुरकुरायला लागले. जितेशनी वनखात्याला कळवलं. शोधाशोध झाली, आणि रिसॉर्टच्या बागेत खुरपणी करणाऱ्या पोशाच्या झोपडीत सापडलं सांबराचं शिंग! बुडाशी करवतीनं कापलेलं, आणि गुंडाळलेल्या फडक्याला वाळलेलं रक्त. मग काय, विचारायलाच नको.

"बाला ते रानात पडलेलं घावलं," ठमी म्हणाली. "आईची कूस दुखते. म्हणून बुडाचा तुकडा कापला, सहाणेवर उगाळला नि लेप लावला. शिंगं दरसाल गळतात. गळताना थोडं रगत येतंच."

"शिंग म्हणजे काय आंबा आहे, पिकून गळायला?" मागून आवाज आला. जितेश! गॉगल डोक्यावर सरकवून ते हसत होते. "आणि दुसरं शिंग कुठाय? विकलं?"

"साळिंदरानं कुरतडलं असंल."

"साळिंदरानं! उद्या म्हणशील सशानं नेलं!"

साईराजच्या मुठी वळल्या. रियानं त्याचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात वनपाल नम्रता मॅडम बाहेर आल्या. "शिंगं गळतात, हे खरं आहे जितेशराव. गळलेल्या शिंगाचं बूड अखंड आणि खडबडीत असतं. ते बघितलं की लगेच कळतं, जनावर मारलंय की शिंग आपोआप पडलंय." मग त्या ठमीकडे वळल्या. "पण बाळा, तेच बूड तुझ्या बाबांनी कापून उगाळून टाकलं. आता मी काय बघू?"

घ्या! जो पुरावा बाला सोडवणार होता, तो आईच्या कुशीला लावून झाला होता!

"सांबर जित्तं हाय," ठमी म्हणाली.

"मग दाखव. उद्या सकाळी मला यांना कर्जतला कोर्टात उभं करावं लागेल. त्याआधी काय ते आण."

दाराच्या फटीतून पोशा दिसत होता. बाकावर बसून तो फरशीकडे बघत होता. ठमीनं "बा" म्हणून हाक मारली, तरी त्यानं मान वर केली नाही. त्याला लेकीच्या नजरेला नजर द्यायचीच लाज वाटत होती, आणि लाज वाटावी असं त्यानं काहीएक केलं नव्हतं. चीड येते की नाही?

त्या संध्याकाळी तिघांनी ओहोळ पालथा घातला, काट्यांनी पाय सोलून घेतले, पण सांबराची शेपटीही दिसली नाही. साईराजच्या आईनं, म्हणजे सुनितामामीनं, पहाटे भाकरी नि ठेचा बांधून दिला. "डोंगराच्या वरती जाऊ नका. ठमीचं ऐका," एवढंच ती म्हणाली.

मे महिन्यात ओहोळात एकच डबकं उरतं. त्याच्यापासून लांब, करवंदाच्या जाळीआड तिघं दडून बसले.

"नाहीच आलं तर?" रियानं कुजबुजत विचारलं.

"येईल. तहान कुणाला चुकलीय का?"

"आणि खरंच कुणी मारलं असेल तर?" हे साईराज बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. ठमीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे हात गार पडले होते. रियानं ते आपल्या हातात घेऊन चोळले.

उजाडता उजाडता पाचोळा वाजला. एक मादी आली, मागून पाडस. दोन्ही पाणी पिऊन गेली. मग आणखी एक जनावर आलं, चांगलं धिप्पाड.

"छ्या! ही पण मादीच," साईराज पुटपुटला. "शिंगं कुठायत?"

"मादीच्या गळ्याला एवढी आयाळ असती का रं, शहाण्या?"

जनावर वळलं, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर लांबलचक, केस नसलेला व्रण दिसला.

"तेच हाय गं, तेच!" साईराजला राहवेना. "दिवाळीत रिसॉर्टच्या काटेरी तारेत अडकलं होतं. तवा मीच फोटो काढला होता आईच्या फोनवर. खांदा नुसता सोलून निघाला होता!"

रिया मात्र डोक्याकडे बघत होती. जिथं शिंगं असायची तिथं दोन काळसर टेंगळं होती, वर मखमलीसारखी बारीक लव. "एवढं शिंग पडलं, रक्त आलं, आणि खपलीसुद्धा नाही? खांद्याचा व्रण तर अजून तसाच आहे!"

"फोटो काढ आधी! मग बघ!" ठमीनं तिला ढोसलं.

रियानं आपल्या फोनवर फोटो काढले. आवाज बंद करायचा राहिला होता. खटॅक! सांबरानं कान टवकारले, "पोंक" करून भुंकलं आणि झाडीत नाहीसं झालं.

मग तिघं जे पळत सुटले! चौकीशी पोचले तेव्हा जीप सुरू झाली होती. पोशा मागे बसला होता. ठमी सरळ जीपच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला, पण पोरगी हलेल तर शपथ!

"मॅडम, फोटो बघा! मग न्यायचं त्याला न्या!"

नम्रता मॅडम खाली उतरल्या. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. जितेश साक्ष द्यायला म्हणून आपल्या गाडीत बसले होते. तेही आले.

"ही मादी आहे हो! शिंग उपटून पडलं असतं तर डोक्यावर केवढी जखम दिसली असती! इथं साधा ओरखडा नाही."

"हा नरच आहे, आयाळ बघा," मॅडम म्हणाल्या. "आणि तिथं व्रण राहतच नाही, जितेशराव. शिंग गळलं की ती जागा काही दिवसांत नव्या कातडीनं भरून येते, आणि त्यातूनच नवं शिंग फुटतं. दर वर्षी! बाकी अंगाला ते जमत नाही, तुमच्याआमच्या कातडीलाही नाही. कसं होतं ते शोधायला मोठमोठे शास्त्रज्ञ डोकं खाजवतायत."

"असेल. पण हे माझं सांबर कशावरून?" जितेशनी बोट रोखलं. "खांद्यावर हा भला मोठा व्रण. माझ्या फ्लेक्सवर जाऊन बघा. खांदा कसा तुळतुळीत आहे!"

फ्लेक्स मॅडमनीही पाहिला होता. खांद्यावर खरंच काही नव्हतं. ठमीनं जीपचं बॉनेट घट्ट धरून ठेवलं.

"पण तो फोटो मीच काढलेला!" साईराज ओरडला. "जखम होती त्यात!"

"मग दाखव की."

"आईचा फोन पाण्यात पडला ना..."

"बघा! हे असं असतं पोरांचं."

रिया एकदम गोड हसली. तिचं ते हसू साईराजला चांगलं ठाऊक होतं. त्या हसण्यानंतर कुणाची तरी फजिती ठरलेली. "काका, फ्लेक्स मात्र झकास झालाय हं! फोटो तुम्हाला साईराजनं पाठवला होता ना? मामीच्या नंबरवरून?"

"हो, त्यानंच. मीच मागितला होता."

"पाण्यात मामीचा फोन पडला. तुमचा नाही ना पडला?"

जितेशचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. नम्रता मॅडमनी नुसता तळवा पुढे केला. दिवाळीतला तो फोटो सापडायला फारसा वेळ लागला नाही. तीच शिंगं, तोच खांदा, आणि खांद्यावर उघडी लालबुंद जखम, तारेनं फाडलेली.

"पाहुण्यांना असलं बघवत नाही हो," जितेश खाली बघत म्हणाले. "म्हणून फ्लेक्सवाल्याला सांगितलं, जरा भरून काढ."

"सांबराला जमलं नाही, ते तुम्ही करून दाखवलंत! म्हणजे जखम तुमच्या तारेची, ती लपवलीत तुम्ही, आणि गुन्हेगार हा?" मॅडमचा आवाज चढला होता. "ती तार आजच्या आज निघाली पाहिजे. त्या जखमेचं काय ते मी नंतर बघते."

त्यांनी स्वतः जीपचं मागचं दार उघडलं. "पोशा, उतरा. गळलेलं शिंगही सरकारजमा करायचं असतं, घरी न्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. बाकी तुमच्यावर काही नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास रे पोरांनो! तुमचा सत्कार करायला पाहिजे. शाळा उघडली की मी स्वतः येते."

साईराजची छाती फुगली. ठमी मात्र जागची हलली नाही.

"सत्कार नको मॅडम. बाला नाक्यावर धरला होता. सगळी बघत होती. भाजीवाल्या लडकूमावशीनं तर आपली पाटी बाजूला ओढून घेतली. आता नाक्यावरच सांगा."

"ठमे, जाऊ दे," पोशा हळूच म्हणाला.

"नाय जाऊ देणार!"

मॅडमनी ड्रायव्हरला जीप वळवायची खूण केली. "बरोबर बोलतेस तू," त्या म्हणाल्या. "चला, बसा सगळे. जितेशराव, तुम्हीही."

नाक्यावर सकाळची गर्दी होती. जीप पुन्हा आली म्हणून माणसं जमली. लडकूमावशी भाजीवर पाणी मारता मारता थांबली. नम्रता मॅडमनी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं, आपली चूक झाली तीही. "या तीन पोरांनी शोधलं नसतं, तर एक निरपराध माणूस आज कोर्टात उभा असता," असं त्या म्हणाल्या तेव्हा माणसांनी मुलांच्या पाठी थोपटून थोपटून लाल केल्या. मग मॅडमनी जितेशना पुढे केलं.

"पोशानं... सांबर मारलं नाही," जितेश पुटपुटले.

"मोठ्यानं!" ठमी ओरडली.

"पोशानं सांबर मारलं नाही! माझं चुकलं!"

लडकूमावशी पाटीमागून उठली. तिनं पदरानं हात पुसले, पोशापुढे येऊन उभी राहिली, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "चहा घेशील का रं?"

कालपासून खाली घातलेली मान पोशानं वर केली.

"घेतो की," तो म्हणाला. "पोरांनाही दे."