देवमाशांची बोली

"आधी ह्याले बसवा," गणपतराव पराते मुलाकडे बोट दाखवून म्हणाले आणि हाताची घडी घालून खुर्चीत रेलले. "मग माझं पाहू."

रामदासपेठेतल्या त्या लहानशा श्रवण तपासणी केंद्रात मधुवंती बक्षीला असे वडील नवे नव्हते. चाळीस वर्षं कामठीत पॉवरलूम चालवलेला माणूस, दोन्ही कान जवळजवळ गेलेले, तरी काचेच्या खोलीत पाऊल टाकायला तयार नाही. तिनं मुलाकडे पाहिलं. उंच, सावळा, ऑक्टोबरातल्या अवकाळी सरीनं खांद्यांवर भिजलेला निळा शर्ट... तो ओशाळून हसला.

"बसतो ना जी. माझे कान तर एकदम मस्त आहेत. कानांवरच तर पोट आहे माझं."

तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, बारीकसाही आवाज आला की बटण दाबायला सांगितलं आणि खोलीचं जाड दार लावून घेतलं. काचेपलीकडे तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा ताठ बसला. जाडे आवाज त्यानं चटकन टिपले. मग तिनं डाव्या कानात वरच्या पट्टीचा बारीक सूर सोडला. तो तसाच बसून राहिला, तिच्याकडे पाहत. तिनं आवाज वाढवला... आणखी वाढवला. तो प्रसन्नपणे हसत होता, जणू अजून काही सुरूच झालेलं नाही.

त्या हसण्यानंच तिला कसंतरी झालं. रोज दहा माणसांना ती हे सांगायची. आज मात्र तिला दार उघडायला वेळ लागला.

"लहानपणी मागांजवळ खूप राहिलात का तुम्ही?"

"शाळेतून आलो की मागावरच. बारावीपर्यंत. काहून?"

तिनं कागदावरचा आलेख दाखवला. डाव्या कानाची रेघ एका जागी विहिरीसारखी खाली गेली होती. "गेलेलं परत येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आहे ते सांभाळता येतं."

दुर्गेश — त्याचं नाव तिनं आता फॉर्मवर वाचलं — त्या रेघेवरून बोट फिरवू लागला.

"मॅडम, मी देवमासे ऐकतो," तो म्हणाला.

आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही, असं मधुवंतीला वाटलं.

"खरंच सांगून राहिलो. डॉमिनिका म्हणून एक बेट आहे, कॅरिबियनमध्ये. तिथले संशोधक समुद्रात माइक सोडतात. रेकॉर्डिंग माझ्याकडे येते. कोणता आवाज कोणाचा, ते मी कामठीत बसून लिहून देतो. तीन वर्षं झाली." त्यानं खिशातून फोन काढला. "आइकता का?"

गणपतराव तोवर डुलकी घेत होते. ती हसली, आणि आजवर जिथे इतरांनाच बसवलं होतं, त्या खोलीत स्वतः जाऊन बसली.

आधी नुसतं पाणी. पाणी म्हणावं तर तेही नाही — पोकळी, अफाट, तळ नसलेली. मग त्या पोकळीतून कुणीतरी दारावर बोट वाजवावं तसा आवाज आला. टक... टक... टकटकटक. थोड्या वेळानं, फार दुरून, उत्तर. टक... टक... टकटकटक. मग दोघं एकमेकांत मिसळले, एकमेकांच्या अंगावर अंग टाकून बोलावं तसे. मधुवंतीच्या दंडांवर काटा उभा राहिला. एसटी बसएवढं जनावर, एक किलोमीटर खोल काळोखात, आणि त्याचा शब्द तिच्या कानात — समुद्रापासून इतक्या लांबच्या नागपुरात.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. त्यानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तेव्हाच तो तिला आवडला असावा.

गणपतरावांचं श्रवणयंत्र बसवलं गेलं. ते नीट जुळवायला दोन महिन्यांत सात वेळा यावं लागलं, असं केंद्राच्या वहीत नोंदलं आहे. त्यातल्या पाच वेळा गणपतराव आलेच नव्हते.

"यंत्र आहे, बाबा कुठे आहेत?" ती विचारायची.

"बाबा लग्नाले गेले. यंत्र सुट्टीवर आहे," असं काहीबाही तो सांगायचा. नोंदणीच्या टेबलावरची रितिका संगणकात डोकं घालून हसू लपवायची.

मग चहा यायचा, आणि चहाबरोबर ते बेट.

"सारा देश मिळून आपल्या कामठीपेक्षा कमी लोकं. समुद्रातून उठलेला नुसता डोंगरच समजा. सपाट जागाच नाही. आणि नद्या किती, माहीत आहे? तिथली माणसं म्हणतात, वर्षाच्या प्रत्येक दिवसाची एक."

"थापा."

"तिथली माणसं म्हणतात, मी नाही. आणि जंगलात एक तळं आहे, उकळणारं. अख्खं तळं, भाताच्या आधणासारखं. जमिनीखाली ज्वालामुखी आहेत ना. झेंड्यावर पोपट आहे त्यांच्या, जांभळा. तो फक्त तिथेच सापडतो."

"आणि लोक जगतात कशावर?"

"आधी केळीवर. डोंगराच्या उतारावर केळीच केळी, बोटी भरून विलायतेले जायची. मग बाजार बसला. दोन हजार सतराच्या साली चक्रीवादळ आलं. एका रात्रीत जंगलाचं एक पान राहिलं नाही झाडावर. डोंगर तपकिरी दिसत होते म्हणे." त्यानं चहाचा घोट घेतला. "आता कित्येक कोळी बोटीवर पाहुण्यांना देवमासे दाखवतात. किनाऱ्यापासून थोडं गेलं की समुद्र एकदम खोल होतो, म्हणून देवमासे किनाऱ्याजवळच राहतात, कुटुंब धरून. आजी, माय, मावश्या... आई खाली शिकारीले गेली की पिल्लाले मावशी सांभाळते."

"आणि ते टक टक?"

"ती त्यांची बोली. दुसऱ्या समुद्रातले देवमासे वेगळं बोलतात. आपण नाही का, पुण्याच्या माणसासमोर 'मले' म्हटलं की तो मान वर करतो..."

ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. तो मात्र हसत नव्हता. तिचं हसणं ऐकत होता, दोन्ही कानांनी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो आला तो एक पत्र घेऊन. संशोधकांनी त्याला बोलावलं होतं — जानेवारीपासून सहा महिने, डॉमिनिकात, बोटीवर. फक्त कानांच्या तपासणीचा अहवाल हवा होता.

तिचं मन एकदम उंच उडालं आणि तितक्याच वेगानं खाली आलं. सहा महिने...

"डाव्या कानाची ती रेघ," तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "ती नाही लिहिली तर... चालेल का?"

मधुवंतीनं पत्राची घडी घालून ते त्याच्यासमोर ठेवलं.

"नाही चालणार, दुर्गेश."

"मले ते देवमासे एकदा पाहायचे आहेत. तीन वर्षं नुसते आइकतो."

"माहीत आहे. पण माझ्या सहीखाली खोटं नाही लिहिणार मी. तुमच्यासाठी तर नाहीच."

'तुमच्यासाठी तर नाहीच' यात किती काय होतं, ते त्याला त्या दिवशी कळलं नाही. चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

आठ दिवस गेले. फोन नाही, यंत्र जुळवायला येणं नाही. मधुवंती रोज संध्याकाळी त्यानं पाठवलेली ती पहिली टकटक लावून बसायची. आठव्या दिवशी ऐकता ऐकता ती ताठ झाली. तिची तपासणी सुरांची होती. देवमासे सुरात बोलत नाहीत — ते ठोका देतात, आणि ठोक्यात जाडे, बारीक सगळेच आवाज असतात. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही...

तिनं फोन केला. "सगळी रेकॉर्डिंग घेऊन या. आणि रुसवा घरी ठेवा."

"रुसलो नव्हतो जी," तो म्हणाला. "लाज वाटून राहिली होती."

ती सबंध दुपार तो काचेपलीकडे बसला. ती देवमाशांचा आवाज कमी कमी करत गेली, अगदी तिला स्वतःला ऐकू येईनासा होईपर्यंत. तो डोळे मिटून बटण दाबत होता. शंभर ठोक्यांतले शहाण्णव त्यानं पकडले, कोणत्या मादीचे आहेत तेही सांगितलं. त्यातले काही तर तिला स्वतःला ऐकूच आले नव्हते.

अहवाल दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर डाव्या कानाची विहीर, जशीच्या तशी. दुसऱ्या पानावर ते शहाण्णव. खाली तिची सही. दहा दिवसांनी संशोधकांचा होकार आला.

निघायच्या आधीच्या रविवारी पराते कुटुंबानं तिला जेवायला बोलावलं. ती शेअर ऑटोनं कामठीला गेली. गणपतरावांना तिला माग दाखवायचेच होते. घरामागच्या शेडमध्ये चार माग एकदम धडधडत होते. सुताची धूळ उन्हात तरंगत होती. गणपतरावांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. कारागीर गोविंदा मागामागून हसला. मधुवंतीनं कानांत बोळे घातले, दुर्गेशलाही घालायला लावले. स्वतःचा श्वास ऐकू येईना, असा तो आवाज.

त्या आवाजात दुर्गेश तिच्यासमोर उभा राहिला. इथे काहीही बोललं तरी कुणाला ऐकू जायचं नाही, या भरवशावर तो बोलला. सावकाश, तिच्या डोळ्यांत पाहत.

"मधुवंती... मले तू खूप आवडतेस. तुले सोडून जावंसं नाही वाटून राहिलं."

ऐकू काहीच आलं नाही. पण मूकबधिर मुलांबरोबर सहा वर्षं काम केलेल्या मधुवंतीला ओठ वाचता येत होते. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. तिनंही आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हटलं, "जा. सगळं पाहून ये. मी आहे."

मागांच्या गोंगाटात वाढलेल्या माणसाला ओठ वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. दुर्गेशला तिचा शब्द अन् शब्द कळला. मग त्याच्या लक्षात आलं की शेडमध्ये ओठ वाचणारे आणखी दोघं आहेत. गोविंदानं तोंड फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. गणपतराव मात्र सरळ चारही मागांची बटणं बंद करून पुढे आले.

"यांच्या घरी मी केव्हा येऊ," ते मुलाला म्हणाले, "तेवढं विचारून घे. मग जा कुठे जायचं ते."

संध्याकाळी ऑटोपर्यंत सोडायला तो आला. त्याच्या हाताची करंगळी तिच्या करंगळीला लागली आणि तिथेच राहिली.

"बोट सकाळी सातला निघते," तो म्हणाला. "सहाला उठलो की फोन करतो. तेव्हा इथे दुपारचे साडेतीन."

"आणि देवमासे दिसले की?"

"आधी तुले सांगीन. मग वहीत लिहीन."

सोमवारी केंद्रात आल्याबरोबर मधुवंतीनं रितिकाला सांगितलं, "साडेतीनची वेळ कुणाला देऊ नकोस."

"आजची?"

"जूनपर्यंतची," मधुवंती म्हणाली, आणि काचेच्या खोलीतला दिवा लावायला गेली.