ओदालिसच्या पेशी कशाने मेल्या?

सकाळी सात वाजता ओदालिसने नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकही पेशी जिवंत नव्हती.

हवानाच्या त्या प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून तिने हे यंत्र उभं केलं होतं. आत केसासारख्या पोकळ, सच्छिद्र नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून लाल खाद्यद्रव वाहायचा. बाहेरून चिकटलेल्या पेशी तो छिद्रांतून शोषायच्या आणि लहान मुलांचं औषध तयार करायच्या. परदेशी भाग मिळेनात, म्हणून जोडण्या सलाइनच्या जुन्या नळ्यांच्या, सुतळीने बांधलेल्या. दहाला यंत्र तपासायला समिती येणार होती. यंत्र नापास झालं की भंगारात, आणि औषधही गेलं.

उपसंचालक एवेलिओने निकाल देऊनही टाकला होता: घरगुती नळ्या तुंबल्या, पेशी उपाशी मेल्या.

"उपाशी नाही मेल्या," ओदालिस म्हणाली. "या निकालावर मी सही करणार नाही."

तपासाला नेरेइदा आली. संस्थेची सुरक्षा-निरीक्षक, जिभेने तिखट. तिला कळलं ते एवढं: काल दुपारी वीज गेली. नेहमीसारखा सगळ्यांनी आळीपाळीने पंप हाताने फिरवला. शेवटची पाळी, कधी नव्हे ती, एवेलिओने मागून घेतली आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. ओदालिस निघाली तेव्हा द्रव लालभडक होता. आता यंत्राला जोडलेल्या बाटलीत तो पाण्यासारखा रंगहीन होता. साठा जुना असेल, असं म्हणून एवेलिओने ते उडवून लावलं होतं.

नेरेइदाने सुतळीच्या गाठी चाचपल्या. सगळ्या घट्ट, कोरड्या. मग तिने एवेलिओला बोलावलं.

"पंप फिरवताना काय जाणवलं, साहेब?"

"हँडल दगडासारखं झालं होतं. तासभर जोर लावला, खांदे भरून आले."

"मग फरशी कोणी पुसली?"

"पुसायला सांडलं काय होतं?"

"तेच विचारतेय. नळ्या तुंबल्या असत्या तर तुमच्या जोराने आधी सुतळीची जोडणी सुटून द्रव फरशीवर सांडला असता. नळ्या फुटू नयेत म्हणून हिने ती मुद्दाम कच्ची ठेवलीय. तुम्हाला पोलादी जोडण्यांची परदेशी यंत्रं ठाऊक. हे यंत्र कधी जवळून बघितलंत?"

नेरेइदाने पुढचंही सांगून टाकलं. पेशी उपाशी मेल्या असत्या तर द्रव लालच राहिला असता. रंग उडवतं ते फरशी पुसायचं ब्लीच. ते छिद्रांतून सहज जातं आणि पेशी मारतं. ओदालिस गेल्यावर बाटलीजवळ एकटा तोच होता. असं यंत्र या देशात बनूच शकत नाही, असा अहवाल त्यानेच दोन वर्षांपूर्वी लिहिला होता.

एवेलिओचा आवाज खाली आला. "पोरी, नळ्या तुंबल्या म्हणून सही कर. नवं परदेशी यंत्र तुझ्या हाताखाली देतो. हे आपल्यातच राहू दे."

ओदालिस संतापली होती. तिने सरळ दार उघडलं. समिती बाहेर येऊन उभी होती.

"आत या," ती म्हणाली. "यंत्र नापास झालेलं नाही. पेशी मारल्यात, आणि कोणी ते साहेब सांगतील. माझ्याकडे गोठवलेल्या पेशींचा दुसरा साठा आहे. आजपासून वाढवायला घेते. बघायचं असेल तर खुर्च्या मागवते."

समितीच्या वयस्क अध्यक्षबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची मागितली.