चार सेकंदांची जखम

कारखान्याच्या दारावरच्या पाटीवर डॉ. वृषाली मोकाशींचं नाव होतं. खाली लिहिलं होतं : ‘रक्तस्रावाने मृत्यू शून्य. वर्ष सहावे.’ वृषालीचे वडील लेथवर हात कापून, रक्त वाहून रिक्षातच गेले होते, दवाखाना दोन किलोमीटरवर असताना. ही पाटी तिला त्यांच्यासाठीच लावल्यासारखी वाटे.

रक्त म्हणजे नुसता लाल द्रव नव्हे. पिवळसर रक्तद्रवात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि बिंबिका नावाचे इवले कण तरंगत असतात. कातडी फाटली की बिंबिका तिथं धावतात, एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. मग रक्तद्रवातल्या प्रथिनाचे धागे होऊन वर जाळं विणलं जातं. तीच गुठळी. निसर्गाला त्यासाठी काही मिनिटं लागतात. वृषालीनं प्रयोगशाळेत घडवलेल्या ‘तुरतबिंबिकां’ना चार सेकंद पुरत. सुई दर तीन महिन्यांनी घ्यावी लागे.

आज कारखान्यातल्या तिच्या दवाखान्यात सुईचा दिवस होता. प्रेसवर पत्रे कापणारी चंद्रकला घाडगे समोर बसली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

“हे कधी झालं, चंद्रकलाताई?”

“गुरुवारी.”

“आणि आज कामावर?”

“गुरुवारची पाळीबी पुरी केली की.”

“पण हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर आहे ना?”

“तीन वर्सं झाली काढून. माल अडायचा त्यानं.” चंद्रकला शांतपणे म्हणाली, “आधी रक्त उडालं की बाया किंचाळायच्या, कुणीतरी मेन स्विच पाडायचं, सायेब धावत खाली यायचे. आता रक्तच येत न्हाई. काय झालंय असं वाटतच न्हाई कुणाला.”

वृषालीनं सुई काढायला शीतपेटी उघडली.

“डॉक्टरबाई, ही सुई बंद करा.”

“बंद केली तर कुणीतरी मरेल.”

“मरंल. मग सेन्सर परत बसंल.”

वृषालीनं शीतपेटीचं झाकण लावलं. दाराबाहेर रांग उभी होती. मग तिनं पेटी पुन्हा उघडली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पण चंद्रकला उठली नाही. तिनं उजव्या हाताची बाही वर सारली.

“तुम्हीच नको म्हणालात ना?”

“नकोच हाय,” चंद्रकला खाली बघत म्हणाली. “पर मरणारी मी नको. घरी दोन पोरी हायत.”